'ग्रेपव्हाइन'वरून कळलं, म्हणजे नेमकं कुठून कळलं?

निफाड तालुक्यातून एम.कॉम. करणाऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. त्याच्या गाइडात 'द्राक्षवेल संप्रेषण' असं एक प्रकरण आहे आणि व्याख्या म्हणून 'कार्यालयातील अफवांचे जाळे' एवढंच छापलंय. तो लिहितो, 'आमची अडीच एकर बाग आहे. कळायला लागल्यापासून द्राक्षाच्या वेली बघतोय. वेलीचा आणि बातमीचा संबंध काय? आणि इंग्रजीत 'हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन' म्हणतात, त्याचा अर्थ अफवा ऐकली असाच ना?'

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात मी स्वतः एकदा तोंडावर पडलोय.

इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करायला लागून मला तीस वर्षं होत आली. सुरुवातीला एका कारखान्यातल्या सुपरवायझरांसाठीची प्रशिक्षण पुस्तिका मराठीत करायला घेतली होती. तिच्यात हा 'ग्रेपव्हाइन' पंधरा-वीस वेळा आला होता. मी डोळे झाकून सगळीकडे 'अफवा' घालत सुटलो. पुढे एक वाक्य आलं, की ग्रेपव्हाइनवरची माहिती बऱ्याचदा बरोबर असते, साहेबांनी तिच्याकडे काणाडोळा करू नये. माझ्या मराठीत ते झालं 'अफवा बऱ्याचदा खऱ्या असतात'. मजकूर तपासणाऱ्या बाईंनी समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलं, 'मग त्या अफवा कशा?' सगळी पुस्तिका पुन्हा पहिल्या पानापासून काढावी लागली.

चूक अशी झाली होती. आजच्या मराठीत 'अफवा' म्हटलं की बातमी खोटी, निदान बिनबुडाची, हे त्यात आलंच. 'ग्रेपव्हाइन' बातमीच्या खरेखोटेपणाबद्दल अवाक्षर काढत नाही. तो शब्द फक्त वाट सांगतो. बातमी नोटीस बोर्डावर लागली नाही, साहेबांनी बोलावून सांगितली नाही, ज्याची बातमी त्याच्या तोंडून आली नाही. इकडून तिकडून, या तोंडातून त्या कानात, अशी ती पोचली. पोचलेली बातमी सोळा आणे खरी असू शकते. गंमत म्हणजे 'अफवा' शब्दही मूळचा वाटेचाच. अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला, आणि अरबीत 'अफ्वाह' म्हणजे नुसती 'तोंडं'. लोकांच्या तोंडी आहे, एवढाच त्याचा अर्थ. मराठीत येईपर्यंत त्याच्या कपाळी खोटेपणा चिकटला. इंग्रजीतली वेल मात्र त्यातून बरीचशी सुटली. कशी सुटली ते पाहायचं तर अमेरिकेत जावं लागतं.

आणि तिथे जाण्याआधी तुमची बाग थोडा वेळ डोळ्यांसमोरून बाजूला करा. निफाडची वेल शिस्तीची. अँगल रोवलेले, तारा ताणलेल्या, ओलांडे तारेला बांधलेले, एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, प्रत्येक काडीचे डोळे मोजलेले. या वाक्प्रचारातली वेल रानातली आहे. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या आणि दक्षिणेकडच्या जंगलांत द्राक्षाच्या कितीतरी रानटी जाती मिळेल त्या झाडावर चढतात, या फांदीवरून त्या फांदीवर लोंबतात, पीळ घालतात, आणि सुरुवात कुठे नि शेवट कुठे ते कळू देत नाहीत. (तुमच्या बागेचा खुंट, म्हणजे ज्याच्या मुळांवर वेलीचं कलम बांधतात तो, डॉगरिज जातीचा असेल, तर तोही टेक्सासकडच्या रानटी द्राक्षातून निवडलेला. म्हणजे ज्या खंडातून हा शब्द आला, त्याच खंडातल्या रानवेलीच्या मुळांवर तुमचं थॉमसन द्राक्ष उभं आहे. असो.)

आता दुसरी वस्तू: तार. २४ मे १८४४ रोजी सॅम्युएल मोर्सने वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल इमारतीतून, तेव्हा सर्वोच्च न्यायालय जिथे भरायचं त्या दालनातून, बाल्टिमोरला पहिला जाहीर संदेश पाठवला. अंतर साधारण ४० मैल. संदेश बायबलमधला, चार शब्दांचा, 'देवाने हे केवढं घडवलं' अशा अर्थाचा. या मार्गासाठी आदल्या वर्षी अमेरिकी काँग्रेसने ३०,००० डॉलर मंजूर केले होते. आधी तारा जमिनीखालून नळीत घालायचा घाट घातला, पण त्यांचं आवरण टिकेना, तेव्हा खांब उभारून तारा वरून नेल्या. तेच चित्र पुढे जगभर रूढ झालं: सरळ खांबांची रांग आणि त्यांच्यावर ताणलेली सरळ तार. पुढच्या सहा-सात वर्षांत अशा तारांचं हजारो मैलांचं जाळं झालं, आणि वर्तमानपत्रं बातमीच्या डोक्यावर 'टेलिग्राफने आलेली' असं मिरवायला लागली. तारेने आली, म्हणजे ताजी आणि पक्की.

कुठलीही गोष्ट इतकी मिरवायला लागली की तिची टर उडवणारेही निघतात. १८५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच अमेरिकी छापील मजकुरात 'ग्रेप व्हाइन टेलिग्राफ' दिसायला लागतो. सूर असा, की आमच्याकडे बुवा द्राक्षवेलीच्या तारेने पुढील बातमी आली आहे. खरी तार सरळ, ताठ, कंपनीच्या मालकीची. ही तार पीळदार, लोंबती, कुणाच्याच मालकीची नाही. विनोद समजायला तुम्हाला तर काहीच कष्ट नाहीत, कारण आपल्या भाषेत धातूची वायर आणि टेलिग्राम या दोन्हींना 'तार'च म्हणतात. 'तार आली' म्हटल्यावर घरात रडारड व्हायची, ते आठवणारी माणसं अजून आहेत. आपली तारसेवा बंद झाली ती जुलै २०१३ मध्ये. तेव्हा 'ग्रेपव्हाइन टेलिग्राफ'चं मी करत असलेलं भाषांतर म्हणजे 'वेलीची तार'. टेलिग्राफ हा शब्द पुढे गळून पडला आणि नुसती वेल उरली. म्हणून आज ती कोड्यासारखी वाटते. विनोदाचं अर्धं अंग हरवलंय.

इथे दोन दंतकथा बाजूला काढायला हव्यात, कारण शोधायला गेलात की त्याच आधी हाती लागतील. पहिली कर्नल बी नावाच्या गृहस्थाची. १८५८-५९ च्या सुमारास त्याने कॅलिफोर्नियातल्या प्लेसरव्हिलहून सिएरा नेवाडा पर्वत ओलांडून पूर्वेकडे तारमार्ग टाकला. खांबांचा खर्च वाचवायला तारा थेट झाडांना बांधल्या. वाऱ्याने झाडं हलायची, तारा सैल होऊन जमिनीवर वेटोळी घालायच्या, लोकांनी थट्टेने त्याला द्राक्षवेल म्हटलं. हे घडलं असेलच. पण शब्द त्याच्या आधी काही वर्षं छापून आलेला आहे. बाप जन्मायच्या आधी पोराचं बारसं कसं होणार? लोकांनी आधीच तोंडात असलेला शब्द त्या तारांना चिकटवला, एवढंच. दुसरी दंतकथा न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेजमधल्या 'ओल्ड ग्रेपव्हाइन' नावाच्या गुत्त्याची. पुढारी, कलावंत, वकील तिथे जमायचे, गप्पा छाटायचे, म्हणून म्हणे बातमीला हे नाव. गुत्ता खराच होता. पण या गोष्टीत 'टेलिग्राफ' हा शब्द कुठून आला ते सांगता येत नाही, आणि जुन्या वापरात तर तो वेलीला चिकटलेलाच सापडतो. शब्दांच्या उगमाबाबत माझा एक अनुभव आहे: गोष्टीत अमुक कर्नल किंवा अमुक दुकान असलं की ती बहुधा नंतर बेतलेली असते.

आता खरा गाभा. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवी युद्धात हा शब्द पसरला, आणि दोन वेगळ्या लोकांनी तो दोन वेगळ्या अर्थांनी वापरला.

सैनिकांच्या छावणीत 'ग्रेपव्हाइन' म्हणजे सरळसरळ वावडी. उद्या कूच आहे, शत्रूची राजधानी पडली, पगार येतोय, असल्या गोष्टी. सकाळी उठायची, संध्याकाळी विरायची. इथे तो शब्द अफवेच्या अगदी जवळ आहे, आणि गाइडवाल्याची व्याख्या इथूनच वाहत आली असावी.

गुलामांच्या वस्तीत मात्र तोच शब्द विश्वासाचा होता. बुकर टी. वॉशिंग्टन १८५६ मध्ये व्हर्जिनियात गुलामगिरीत जन्मले. १९०१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी लहानपणचं लिहिलंय. रात्री उशिरा आई आणि मळ्यावरचे इतर लोक कुजबुजत बोलायचे. युद्ध कुठवर आलं, सुटका होणार की नाही, सगळं त्यांना ठाऊक असायचं, आणि ते कळायचं 'ग्रेपव्हाइन टेलिग्राफ'ने. हे नाव त्यांनी मुद्दाम नोंदवलंय. ती वेल कशी चालायची हेही त्यांनी सांगितलंय. टपाल कचेरी मळ्यापासून तीनेक मैलांवर. टपाल आणायला गुलामांपैकीच एकाला पाठवायचे. पत्रं, वर्तमानपत्रं हातात पडली की गोरे लोक तिथेच घोळका करून ताज्या बातमीवर बोलत बसायचे. हा माणूस उगाच रेंगाळायचा, कान देऊन ऐकायचा, आणि परत येताना मालकाच्या वाड्यावर पोचायच्या आत बातमी वस्तीत वाटून मोकळा व्हायचा. पुष्कळदा मोठ्या घरातल्या मालकाआधी गुलामांना युद्धाची खबर असायची. छोटा बुकर स्वतःही या वेलीचा एक डोळा होता. जेवणाच्या वेळी मोठ्या घरात टेबलावरच्या माश्या वारायला त्याला उभं करत. कप्पीला लावलेले कागदी पंखे ओढायचे. जेवणाऱ्यांना वाटायचं, पोर पंखा ओढतंय. पोर ऐकत होतं. आपल्याकडच्या साहेबी बंगल्यांतल्या पंखेवाल्यांनी काय काय ऐकलं असेल, असं हे वाचताना मला दर वेळी वाटतं.

हे का घडलं, ते सांगितल्याशिवाय शब्दाचं वजन कळत नाही. १८३१ मध्ये व्हर्जिनियात नॅट टर्नरच्या नेतृत्वाखाली गुलामांनी उठाव केला. त्यानंतर दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांनी काळ्या लोकांना लिहायला-वाचायला शिकवणं हाच गुन्हा ठरवला. वर्तमानपत्र बंद, पत्र बंद, तार तर बंदच. मग उरतं काय? कान आणि तोंड. ही व्यवस्था तारेच्याही आधीची आहे. जॉन अॅडम्स, जे पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले, त्यांनी सप्टेंबर १७७५ मध्ये रोजनिशीत जॉर्जियाच्या दोन प्रतिनिधींचं बोलणं टिपून ठेवलंय: काळ्या लोकांकडे आपसांत खबर पोचवण्याची अजब कला आहे, आठवड्या-पंधरवड्यात ती कित्येक शे मैल पळते. मोर्सची तार यायला तेव्हा ६९ वर्षं होती. म्हणजे वेल आधीपासून होती. तारेने तिला फक्त नाव दिलं.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर चित्र फार गोड होईल. लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ पासून लागू झाला. टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनला तो लष्कराने अधिकृतपणे जाहीर केला १९ जून १८६५ ला, अडीच वर्षांनी. तिथल्या अनेकांच्या कानावर वेलीवरून ही गोष्ट आधीच आली असणार. पण नुसतं कळून मोकळं होता येत नव्हतं. त्यासाठी बंदूकधारी सैन्य दारात यावं लागलं. (महाराष्ट्राला या इतिहासाची ओळख जुनी आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांच्या सुटकेसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना.)

तर एकाच शब्दाचे हे दोन पदर. छावणीतला थट्टेचा, वस्तीतला भरवशाचा. आजच्या इंग्रजीत दोन्ही पीळ घालून राहिलेत. म्हणून 'ग्रेपव्हाइनवरून कळलं' असं म्हणणारा माणूस किंचित हसत असतो, पण बातमी खोटी आहे असं त्याला म्हणायचं नसतं. 'कुणी सांगितलं ते विचारू नका' हे मात्र त्याला नक्की म्हणायचं असतं. ऑफिसात एखाद्याला 'तुम्ही नोकरी सोडताय असं ग्रेपव्हाइनवर ऐकलं' असं म्हटलं की सांगणाऱ्याचं नाव झाकलं जातं आणि समोरच्याला इन्कार करायला जागाही राहते. याच्या शेजारचा वाक्प्रचार आहे 'एक छोटा पक्षी सांगून गेला'. त्याचं मूळ बायबलच्या उपदेशक या पुस्तकात शोधतात: राजाला मनातही शाप देऊ नकोस, आकाशातलं पाखरू तुझा शब्द घेऊन जाईल. फरक बारीक आहे. पक्षी एकच असतो, आणि तो कोण ते बोलणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. वेलीच्या बाबतीत त्यालाही बहुधा सांगता येत नाही की ही बातमी पहिल्यांदा कुणाच्या तोंडून निघाली. व्याकरणाचं म्हणाल तर अमेरिकन माणूस बहुतेक वेळा वेली'तून' ऐकतो आणि ब्रिटिश माणूस वेली'वर'. दोन्ही बरोबर.

या विनोदाचा साचा मला सगळ्यात जास्त भावतो: जे नवं, मानाचं, अधिकृत यंत्र असेल त्याचं नाव घ्यायचं आणि त्याला गावठी शेपूट लावायचं. ऑस्ट्रेलियात 'बुश टेलिग्राफ', म्हणजे रानातली तार. एकोणिसाव्या शतकात तिथल्या दरोडेखोरांना पोलिसांच्या हालचाली कळवणाऱ्या खबऱ्यांना हे नाव होतं. रेडिओ आल्यावर क्यूबात 'रादिओ बेम्बा', ओठांचा रेडिओ. मध्य आफ्रिकेतल्या फ्रेंच बोलणाऱ्या शहरांत 'रादिओ त्रोत्वार', फुटपाथचा रेडिओ. रशियन लोक 'साराफान रेडिओ' म्हणतात, आणि साराफान म्हणजे बायकांचा पारंपरिक झगा. आपल्याकडे 'व्हॉट्सअॅप विद्यापीठ' म्हणतात ते याच साच्यातून निघालंय: मानाचं नाव विद्यापीठाचं, मामला फॉरवर्डचा. फ्रेंचांचा 'अरबी टेलिफोन' आणि इंग्रजांची 'चिनी कुजबुज' हे त्याच कुळातले, पण दुसऱ्या समाजाला हिणवणारे. भाषांतरात ते आले तर मी 'कानगोष्टींचा खेळ' असं सरळ लिहून टाकतो.

दुसरं कूळ पाण्याचं. जहाजावर पिण्याच्या पाण्याचं पिंप असायचं, भोक पाडलेलं. त्याला 'स्कटलबट' म्हणत. खलाशी तिथे जमायचे, बोलायचे, आणि पुढे त्या बोलण्यालाच स्कटलबट नाव पडलं. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियन सैन्याच्या छावण्यांत पाणी यायचं ते शेपर्टन गावच्या फर्फी यांच्या कारखान्यात बनलेल्या गाड्यांतून, टाकीवर ठळक 'फर्फी' लिहिलेलं. गाडीभोवती जमून जे बोललं जायचं त्याला सैनिक 'फर्फी' म्हणू लागले, आणि आजही ऑस्ट्रेलियात फर्फी म्हणजे थाप. पाणवठ्यावर काय चालतं हे मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही.

'गॉसिप' या शब्दाचाही प्रवास ऐकण्यासारखा आहे. जुन्या इंग्रजीत तो 'गॉडसिब', म्हणजे देवाच्या नात्याने झालेला सोयरा. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची धर्मजबाबदारी घेणारा. पुढे तो जिवाभावाच्या माणसासाठी वापरला जाऊ लागला, त्यातही बाळंतपणाच्या वेळी खोलीत जमणाऱ्या मैत्रिणींसाठी. त्या खोलीत पुरुषांना मज्जाव. दाराबाहेर उभ्या राहिलेल्यांनी आत काय चाललं असेल त्याला नाव दिलं आणि चांगल्या नात्याचा शब्द चकाट्यांवर आला. इथेही दार बंद असणाऱ्यांनीच शब्द बिघडवला, असं माझं मत आहे.

आता तुमच्या गाइडाकडे येऊ. व्यवस्थापनशास्त्रात या शब्दाला पाट मांडून दिला तो कीथ डेव्हिस यांनी. १९५३ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये त्यांचा लेख आला. एका कंपनीतल्या व्यवस्थापकांमध्ये बातमी कशी फिरते याचा त्यांनी माग काढला होता. मालाच्या दर्जाबाबत एक अडचण आली, ती ६८ टक्के अधिकाऱ्यांना कळली, पण पुढे सांगितली फक्त २० टक्क्यांनी. एक अधिकारी नोकरी सोडणार हे ८१ टक्क्यांना ठाऊक होतं. पुढे नेलं ११ टक्क्यांनी. म्हणजे ऐकणारे पुष्कळ, वाहणारे थोडे. सगळं ऑफिस बोलतंय असं वाटतं तेव्हा प्रत्यक्षात आठ-दहा माणसंच बोलत असतात. तुमच्या पुस्तकात बातमी पसरण्याच्या चार प्रकारच्या साखळ्या दिल्या असतील, त्या डेव्हिस यांच्याच. त्यांतली त्यांना सगळ्यात जास्त आढळली ती 'क्लस्टर'. पुस्तकात 'समूह साखळी' असं कोरडं भाषांतर असेल. अहो, क्लस्टर म्हणजे घड! 'ग्रेपव्हाइन'ची द्राक्षवेल करून ठेवली आणि घड समोर आला तेव्हा मात्र ओळखला नाही.

परीक्षेसाठी आणखी एक नाव लक्षात ठेवा, पण ते वेगळ्या खणात. ऑलपोर्ट आणि पोस्टमन या मानसशास्त्रज्ञांचं १९४७ चं अफवेवरचं काम. बातमी जितकी महत्त्वाची आणि जितकी संदिग्ध, तितकी अफवा जोरात, आणि दोन्हींपैकी एक शून्य असलं तर अफवा उठतच नाही, असं त्यांचं सूत्र. ते अफवेबद्दल बोलतात, डेव्हिस वाटेबद्दल. उत्तरपत्रिकेत हे दोन्ही एकत्र कालवले की माझ्या त्या पुस्तिकेसारखं होतं.

मराठीत काय म्हणावं? भांडार मोठं आहे, पण प्रत्येक शब्दाची नियत वेगळी. 'वावडी' म्हणजे मुळात कागदी पतंग. कुणीतरी हातात दोरा धरून ती उडवत असतं. 'कंडी पिकवणे' यातही पिकवणारा आहे. 'आवई' उठते ती घाबरवणारी. 'चहाडी' करायला समोर अधिकाराचा माणूस लागतो. 'बोभाटा' मोठ्याने होतो. 'पराचा कावळा' म्हणजे वाटेत बातमी फुगली. यांपैकी एकही ग्रेपव्हाइन नाही. त्याच्या जवळ जातात ते 'कर्णोपकर्णी कळलं', 'उडत उडत कानावर आलं', आणि थोडं जुन्या वळणाचं 'गोष्ट षट्कर्णी झाली', म्हणजे सहा कानांत पडली, तीन माणसांत गेली, आता राहत नाही. या शब्दांत खोटेपणाचा आरोप नाही. पानिपतच्या पराभवाची खबर नानासाहेब पेशव्यांना लागली ती सावकारी पत्रातून, मोत्यांच्या आणि मोहरांच्या भाषेत, असं आपण शाळेपासून ऐकतो. तिला अफवा कोण म्हणेल?

उत्तरपत्रिकेत तुम्ही 'द्राक्षवेल संप्रेषण'च लिहा. तपासणाऱ्याच्या हातात तोच शब्द असतो आणि मार्क तिथे आहेत. व्याख्या मात्र बदला: 'संस्थेच्या अधिकृत मार्गांबाहेर, व्यक्तीव्यक्तींमधून पसरणारी माहिती, ती खरी किंवा खोटी असू शकते.'

राहिलं ते 'आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन' हे गाणं, कारण जगभर हा वाक्प्रचार पोचवला त्या गाण्याने. नॉर्मन व्हिटफील्ड आणि बॅरेट स्ट्राँग यांनी डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीसाठी ते लिहिलं. १९६७ मध्ये ग्लॅडिस नाइटचं गाजलं. मार्व्हिन गेचं त्याआधीच ध्वनिमुद्रित झालं होतं, पण कंपनीच्या मालकाने ते अडवून ठेवलं. शेवटी १९६८ मध्ये एका अल्बमात घातलं, रेडिओवाल्यांनी तेच उचलून वाजवायला सुरुवात केली, तेव्हा कुठे स्वतंत्र रेकॉर्ड निघाली, आणि ती सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. गाण्यातला माणूस सांगतो, की त्याची प्रेयसी त्याला सोडून जुन्या प्रियकराकडे चाललीय हे त्याला असं बाहेरून कळलं. बातमी खरी आहे, याबद्दल त्याला फारशी शंकाच नाही. त्याला लागलंय ते दुसरंच. काही वर्षांपूर्वी एका माहितीपटाच्या सबटायटलांसाठी ती ओळ माझ्यापुढे आली. आधीच्या भाषांतरकाराने 'मी अफवा ऐकली' असं करून ठेवलं होतं. पडद्यावर एका ओळीत तीस-पस्तीस अक्षरंच बसतात. मी ती ओळ खोडून लिहिलं, 'मला हे लोकांकडून कळावं?'